बरणी नंबर एकतीस

पार्बताबाईंवर अन्याय झाला. सन २०११, पोळ्याचा दुसरा दिवस, ज्याला आमच्याकडे नारबोद म्हणतात, सकाळी साडेनऊ ते अकरा. जागा: गोंदियातल्या एका कॉलेजचं मुख्य दार. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं की ते लोक नोटीस पाठवतात. एरवी त्यांच्या हातून सहा महिन्यांत एक पत्र बाहेर पडत नाही.

हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते आमचे केमिस्ट्रीचे सर इतके विक्षिप्त होते की ऐकणारे हसत बसतात आणि मूळ मुद्दा राहून जातो. कॉलेजनंही तेच केलं. माणूस चक्रम आहे असं एकदा ठरवून टाकलं की त्याचं काही ऐकून घ्यावं लागत नाही. फार सोयीचं असतं ते.

सर बाराही महिने पांढरा शर्ट घालत आणि दिवसभर कोळसा कुटत. संध्याकाळी सायकलवरून फुलचूरला घरी निघत तेव्हा खाणीतून पळून आलेल्या नवरदेवासारखे दिसत. मी एकदा विचारलं, "सर, काळा शर्ट काऊन घालत नाही?"

"काळ्यावर काळं दिसते का, पोरी? पांढऱ्यावर मला कळते, माल कुठं सांडला."

"काऊन" हा खरं तर त्यांचाच शब्द. तुम्ही "का" म्हणता, आम्ही "काऊन" म्हणतो. दवनीवाड्याच्या धानाच्या बांध्यांतून, म्हणजे शेताच्या तुकड्यांतून, सर हा एक शब्द घेऊन एम.एस्सी.पर्यंत गेले आणि तोच घेऊन परत आले. मोठ्या शहरातून आलेल्या एका पाहुण्यानं भाषणात सांगितलं की ग्रामीण विद्यार्थ्याला जिज्ञासा नसते. मागच्या रांगेतून आवाज आला, "काऊन?" पाहुणा घाम पुसून पुढच्या मुद्द्यावर गेला. आमच्या उत्तरपत्रिकांच्या समासात सर लाल शाईनं तेवढंच लिहीत. प्राचार्यांनी त्यांना धाडलेला एक मेमो मी स्वतः पाहिलाय. मेमो दीड पानाचा. त्याखाली सरांचं उत्तर: "काऊन?" मग सही.

हा कोळसा कशाचा? बेलाच्या कवटीचा. आणि कशासाठी? वीज साठवायला. हसू नका, आमचं आधीच हसून झालंय.

सर सांगायचे ते असं. कोळशाला बारीक बारीक भोकं पाडत गेलं, डोळ्याला दिसणार नाहीत इतकी, की त्याच्या पोटात जागा वाढत जाते. "एका चमच्यात एक बांधी मावते," ते म्हणत, आणि खिडकीतून हात दाखवत, जणू ती बांधी तिथंच आहे. त्या जागेवर वीज येऊन बसते. अशा कोळशाच्या दोन टिकल्या, मध्ये खारट पाण्यात भिजवलेला कागद, झाला सेल. बॅटरी भरायला तासन्‌तास लागतात. हा मिनिटात भरतो, आणि हजारदा भरा, रिकामा करा, कुरकुर करत नाही. सुपरकपॅसिटर म्हणतात त्याला. ज्या जिल्ह्यात दिवसाचे कित्येक तास भारनियमन, त्या जिल्ह्यात हा शब्द पहिलीच्या पुस्तकात पाहिजे होता. आमच्याकडे तो चेष्टेचा विषय होता.

"सर, तांदळाचा जिल्हा आहे. कोंड्यावर संशोधन करा," असं प्राचार्य त्यांना दरवर्षी सांगत. प्राचार्यांना कोंडा हवा होता कारण कोंडा म्हटलं की पेपरात बातमी येते.

"कोंड्यात वाळू असते, सर. ती काढता काढता माझं आयुष्य जाईल. कोंडा जाळाले चांगला. भट्टीत बेलच टाकाचा."

बेलाची कवटी मिळवायची तर आतला गर संपवायला हवा. तो संपवायचं काम आमच्या वर्गाकडे होतं. उन्हाळी प्रॅक्टिकलला आम्हाला रोज बेलाचं सरबत. हजेरीआधी सरबत, टायट्रेशननंतर सरबत. नको म्हणणाऱ्याला "काऊन?" बेल पोट बांधतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना आमच्या तीन उन्हाळ्यांबद्दल जास्त सांगायला नको. महाशिवरात्रीनंतर सर पोतं घेऊन देवळांमागे जात आणि फेकलेली फळं वेचत. पुजारी त्यांना मोठा भक्त समजत. सरांनी आयुष्यात कधी हात जोडले नाहीत. मोकळे नसायचे म्हणा किंवा काळे असायचे म्हणा.

आता पार्बताबाई.

पार्बताबाई देवरीकडच्या जंगलातल्या गावच्या, गोंड. कॉलेजात ठेकेदारामार्फत सफाईला. कॉलेजच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. "सफाई-२" असं होतं. सगळे त्यांना "ए बाई" म्हणत, प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत. एकटे सर "पार्बताबाई, तुम्ही" म्हणत. यालाही विक्षिप्तपणाच धरलं गेलं.

सर पहिली दोन वर्षं कोळसा इलेक्ट्रिक भट्टीत करत. वीज गेली की बॅच गेली. वीज रोजच जायची. एक दिवस पार्बताबाई झाडता झाडता थांबल्या आणि राखेसारखा भुसभुशीत माल बोटानं चोळून म्हणाल्या, "गुरुजी, हे तर मेलं. असा कोयला माह्या बापानं लोहाराले देल्ला असता तर लोहारानं त्याले चिमट्यानं हानलं असतं."

सर काय म्हणाले असतील ते सांगायला नको. "काऊन?"

आणि मग पुढली पाच वर्षं सर विद्यार्थी आणि पार्बताबाई मास्तर. फुलचूरच्या भाड्याच्या घरामागे त्यांनी खड्डा खणला. कवटी फोडायची, चुलीच्या राखेच्या पाण्यात भिजवायची, वाळवायची, मडक्यात भरायची, तोंड माती-शेणानं लिंपायचं, आणि भोवती कोंड्याची आग लावून वर भाता चालवायचा. राखेचं पाणी कशाला? पार्बताबाईंचं उत्तर, "बाप टाके." सरांचं उत्तर फळ्यावर दोन ओळींचं समीकरण, कारण राखेतला खार तापला की कोळशाला आतून कुरतडतो. म्हणजे परदेशातल्या प्रयोगशाळा डब्यातला खार विकत आणून करतात तेच काम एक कोळसेवाला देवरीच्या जंगलात चुलीच्या राखेवर भागवत होता. त्याला फक्त कोणी विचारलं नव्हतं.

अडचण एकच. भट्टी कधी थांबवायची, हे सरांना कळेना. ते घड्याळ लावून बसत, वहीत मिनिटं लिहीत. पार्बताबाई म्हणत, "घडी ठेवा तुमची खिशात. धूर पाहा ना, धूर. पांढरा आहे तवर पानी जाऊन राहिला. मंग धूर दिसतच नाही. तवा कान लावाचा."

"कान? कायले?"

"आत टिकटिक होते. ते बंद झाली का काढाचं. आधी काढलं तं कच्चं, मंग काढलं तं राख."

सरांना ती टिकटिक ऐकू येईना. त्यांनी डॉक्टरचा स्टेथोस्कोप आणला. अंगणात पालथे पडून खड्ड्याची छाती तपासणारे आपले भाडेकरू प्राध्यापक पाहून घरमालक घाबरून बाहेर आला. "सर, क्या हुआ इसको?"

"अभी साँस चल रही है," सर डोळे मिटून म्हणाले.

काढायची खरी वेळ पार्बताबाईंनाच कळे, पण वहीत मांडता यावं म्हणून सर घड्याळावरच काढत. सरांनी आपल्या अकलेनं काढलेल्या तीस बॅचेस बरण्यांत भरून कपाटात ठेवल्या होत्या. लोणच्याच्या काचेच्या बरण्या, लाल झाकण, वर कागदी चिठ्ठी, एक ते तीस. प्रत्येक बॅच आधी धुतलेली. धुण्याचं तर त्यांना वेडच होतं. लिटमसचा कागद रंग बदलायचा थांबेपर्यंत पाणी ओतायचं, आणि थांबला तरी, "धुवा अजून."

एकदा दोघं देवरीकडून एसटीनं येत होते. पार्बताबाईंच्या भावाकडे करून पाहिलेला तीन किलो कोळसा पोत्यात. जंगलाचा रस्ता, ते दिवस नक्षलवाद्यांमुळे बंदोबस्ताचे. नाक्यावर बस थांबली, पोतं उघडलं, काळी पूड निघाली.

"क्या है ये?" पोलीस शिपायानं विचारलं.

"कार्बन."

"कायले?"

"वीज साठवाले."

"फुटते का?"

इथं कोणीही शहाणा माणूस "नाही" म्हणाला असता. सरांनी चष्मा पुसला, विचार केला आणि खरं सांगितलं, "नुसता नाही फुटत. यात दुसऱ्या दोन वस्तू मिळवल्या तर..."

बस निघून गेली. सर आणि पार्बताबाई तीन तास बाकावर. सरांनी तिथंही कार्बनचा धडा सुरू केला, त्यामुळे नाक्यावरच्या साहेबांचा संशय वाढतच गेला. शेवटी पार्बताबाई उठल्या. पोत्यात बोट घातलं, आणि सगळ्यांसमोर दात घासायला लागल्या. थुंकल्या, काळंशार हसल्या, म्हणाल्या, "मंजन आहे, सायेब. गुरुजीले शिकल्यापासून साधं बोलता येत नाही."

"अरे, तो पहले बोलना था ना!" साहेब म्हणाले, आणि स्वतःसाठी कागदाची पुडी पुढे केली.

परतताना सर रागात. "तुम्ही खोटं बोलल्या, पार्बताबाई."

"दात घासले का नाही मी? मंग खोटं काय?"

ही गोष्ट कॉलेजभर झाली, आणि सरांच्या इतक्या वर्षांच्या कामाला सगळे "मंजन" म्हणायला लागले. शिपाई, क्लार्क, कॅन्टीनवाला, सगळे मागायला येत. सर बिघडलेल्या बॅचमधून चिमूटचिमूट देतही. मीही नेलंय घरी. दात खरंच स्वच्छ होतात. हे इथं मुद्दाम लिहून ठेवतेय, पुढे लागेल.

मग एकतिसावी बॅच आली. ती पार्बताबाईंनी एकटीनं लावली. सर त्या आठवड्यात तापानं पडले होते. वही नाही, घड्याळ नाही, स्टेथोस्कोप नाही. सरांनी उठून ती धुतली, टिकल्या दाबल्या, सेल केला आणि दुपारच्या भारनियमनात आमच्या वर्गात टेबलावर ठेवला. एक मिनिट भरला होता. त्याला एक बारका पांढरा दिवा जोडला. आधीच्या तीसही बरण्यांचे दिवे दोन-चार मिनिटांत डोळे मिटायचे. हा जळत राहिला. तास संपल्याची घंटा झाली, कोणी उठलं नाही. दुसऱ्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले आणि तेही बघत बसले. पार्बताबाई झाडू घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. सर त्यांच्याकडे वळून म्हणाले, "बसा." वर्गात, बाकावर, पहिल्या रांगेत. त्या बसल्या नाहीत. पण झाडू ठेवला खाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी तो सेल उघडून पाहिला. उघडून पाहिल्याशिवाय त्यांना राहवायचंच नाही. सेल वाया गेला. बरणी मात्र भरलेली होती. तिच्यावर त्यांनी चिठ्ठी लावली: "पा-३१". बाकी कुठल्याच बरणीवर अक्षर नव्हतं, नुसते आकडे.

नागपूरच्या एका मोठ्या संस्थेनं तो माल यंत्रावर मोजून द्यायचं कबूल केलं. पोळ्यानंतरच्या आठवड्यात नमुना घेऊन या म्हणाले. नमुन्यासोबत कागद लागतो, कागदावर नावं लागतात. सरांनी पहिलं नाव लिहिलं पार्बताबाईंचं. दुसरं स्वतःचं. प्राचार्यांकडे कागद सहीला गेला. तो दीड पानाचा मेमो याच वेळचा. मथितार्थ असा: सफाई कर्मचाऱ्याचं नाव संशोधनावर घालणं संस्थेच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, पहिलं नाव संस्थाप्रमुखांचं असावं. खाली सरांचं उत्तर तुम्ही वाचलंच आहे. कागदावर सही झाली नाही.

आणि नेमकी त्याच आठवड्यात कॉलेज तपासायला बाहेरून समिती आली. समितीला आमचे सण माहीत नव्हते, त्यांनी नारबोदीचाच दिवस दिला. ज्या सकाळी गल्लीगल्लीतून पोरं "घेऊन जा गे नारबोद" ओरडत घरातली रोगराई, खोकला, ढेकूण गावाबाहेर हाकलतात, त्या सकाळी आमच्या कॉलेजनं केमिस्ट्रीची लॅब साफ केली. सर सणासाठी दवनीवाड्याला गावच्या घरी गेले होते, दुपारी यायचे होते. प्राचार्यांचा हुकूम: कपाटं रिकामी करा, चुना मारा, समितीला चकचकीत दिसलं पाहिजे.

रांगोळीची जबाबदारी माझ्याकडे होती.

हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. निषेधाची पत्रकं मी शेकड्यांनी लिहिली, सगळी दुसऱ्यांच्या चुकांवर.

मी तेव्हा तिथंच एम.एस्सी.ला नुकती लागले होते. कॉलेजचं बोधचिन्ह काढायचं होतं, कमळात पुस्तक. किनारीला काळा रंग पाहिजे आणि सणामुळे बाजार बंद. शिपाई हातगाडीवर बरण्या घेऊन आला. "मॅडम, ये लो, काला रंग. प्राचार्य साहब बोले, कोयला ही तो है, यूज करो." चिठ्ठ्या मी वाचल्या. अक्षर मी ओळखलं. ज्या हातानं माझ्या पेपरच्या समासात तीन वर्षं "काऊन?" लिहिलं त्याच हाताचे आकडे होते. मला माहीत होतं. मी मनात म्हणाले, सरांकडे कोळशाला काय तोटा? आणि सतराची बरणी उपडी केली, मग तेवीसची, मग हाताला लागेल ती. इतका बारीक, इतका काळा, बोटांतून पाण्यासारखा सुटणारा रंग मी आजवर वापरला नाही. रेषा अशी आली की मैत्रिणी बघत राहिल्या. कमळ पूर्ण झालं. समिती अकराला आली, त्यांनी वाकून फोटो काढला, वा वा म्हणाले आणि कमळावरून चालत आत गेले. मला उत्कृष्ट सजावटीचं प्रमाणपत्र मिळालं. आहे अजून.

सर लवकर आले. साडेअकरा झाले असतील. सायकल उभी केली, दाराशी थांबले. त्यांनी रांगोळी पाहिली, मग बाजूला पडलेल्या रिकाम्या बरण्या, मग माझी बोटं. उकिडवे बसले. चिमूट उचलली, तळहातावर चोळली. पार्बताबाई आतून ओल्या फडक्यासकट धावत आल्या आणि चौकटीत थबकल्या. मी वाट पाहत होते. उत्तर तयार होतं माझ्याकडे: प्राचार्यांनी सांगितलं, बाजार बंद होता, घाई होती.

सरांनी "काऊन" विचारलं नाही.

एवढंच म्हणाले, तेही मला नाही, पार्बताबाईंना: "माती निघेल हो. रंग निघेल. पण सतरा कुठला अन् तेवीस कुठला, ते कशानं धुवू?"

मी बरण्या मोजल्या तेव्हा त्या तीस होत्या. "पा-३१" नव्हती. शिपायाला विचारलं. "मंजन के लिए कोई ले गया होगा, मॅडम. सुबह से सब माँग रहे थे. उसका डिब्बा सबसे भरा हुआ था ना."

पुढचं थोडक्यात. नमुना नाही म्हणून नागपूरची वेळ गेली. ठेकेदारानं "सफाई-२" बदलली. यादीत काही बदलावं लागलं नाही, नवीन बाईही "सफाई-२"च. सर त्याच वर्षी निवृत्त झाले, दवनीवाड्याला राहतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला बेलाचं सरबत पाजतात आणि कोणालाच काही विचारत नाहीत. लॅबच्या दारावर मात्र पाटी लागली: जैव-कार्बन ऊर्जा संशोधन कक्ष. खाली प्राचार्यांचं नाव, आणि चित्र धानाच्या लोंबीचं. आत तुटक्या खुर्च्या आहेत. मी खिडकीतून पाहिल्यात.

मागच्या उन्हाळ्यात मी पार्बताबाईंच्या गावी गेले. देवरीला बस सोडली, पुढे चालत. त्या अंगणात टोपलं विणत होत्या. मी सगळं सांगितलं, चिठ्ठ्या वाचल्याचंही. त्या विणत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते फूल तू काढली होतीस का? चांगलं होतं, वो."

मला शिव्या चालल्या असत्या.

"पन त्यावरून जोडे घालून गेले, पोरी. पाच साल मी ते भुईवर सांडू नाही देल्लं."

"पार्बताबाई, पुन्हा लावा ना भट्टी. सर येतील. मी भाता मारते."

"पहिलीले कोनी मोजलं नाही. दुसरीले कोन मोजते?" त्यांनी टोपलं बाजूला ठेवलं. "माही बरनी आना. ते मोजा. त्यावर माहं नाव लिवा, पुरं. मंग लावतो."

त्यांना सत्कार नको, शाल नको, प्रमाणपत्र नको. ते माझ्याकडे आहे, मी आनंदानं दिलं असतं. त्यांना बरणी पाहिजे.

म्हणून आता तुम्ही. होय, तुम्हीच, गोंदियात, फुलचूरला, आमगावला, जिथं कुठं हे वाचत आहात. उठा आणि न्हाणीघराच्या कोनाड्यात बघा. काकांकडे, निवृत्त झालेल्या शिपायाकडे, माळ्यावर, जुन्या मंजनाच्या डब्यांमागे बघा. लोणच्याची काचेची बरणी, लाल झाकण, चिठ्ठीवर "पा" आणि पुढे एकतीस. चिठ्ठी गळून गेली असेल तरी चालेल. पूड बोटातून पाण्यासारखी सुटली तर तीच. त्यानं कोणी दात घासत असेल तर त्याला आत्ता थांबवा. चूळ भरायला सांगा. चोरीचं नाव आम्ही काढणार नाही, रांगोळी मीच काढली होती. आणि बरणी रिकामी दिसली म्हणून फेकू नका. यंत्राला चिमूटभर पुरते. झाकण उघडा, तळ खरवडा, जे निघेल ते कागदात बांधा, देवरीला उतरा, पार्बताबाईंचं घर विचारा आणि ते त्यांच्या हातात द्या.